ढकलणारे पाणी, बुडवणारे पाणी: जलझोताच्या यंत्राचा इतिहास

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे 'आयएनएस अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका भारतीय नौदलात दाखल झाली. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव धारण करणाऱ्या, सुमारे ७७ मीटर लांबीच्या या नौकेला नेहमीचा उघडा पंखा पुढे ढकलत नाही. डिझेल इंजिनांवर चालणारे पंप समुद्राचे पाणी आत ओढतात आणि मागे झोताच्या रूपाने फेकतात. तारकर्लीच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून आणणारी छोटी जेट-स्कीही नेमक्या याच तत्त्वावर धावते. या तत्त्वाचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. एखादी वापरलेली, पाणी शिरून बंद पडलेली जेट-स्की दुरुस्त करण्यासाठी कारागीर जेव्हा ती उघडतो, तेव्हा त्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक पान त्याच्यासमोर येते.

तत्त्व साधे आहे. पाण्याला मागच्या दिशेने संवेग दिला की नौकेला तेवढाच संवेग पुढच्या दिशेने मिळतो. अमेरिकेत जेम्स रम्सी याने डिसेंबर १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर असे जहाज चालवून दाखवले. वाफेच्या बळावर चालणारा पंप पाणी आत घेई आणि नळीतून मागे फेकी. जहाज चालले, पण संथ. १८६६ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'वॉटरविच' ही झोतावर चालणारी चिलखती नौका बांधून पाहिली. तीही पंख्याच्या नौकांना मागे टाकू शकली नाही.

या अपयशामागचे गणित विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे. रेटा हा पाण्याच्या वस्तुमानाच्या आणि वेगाच्या गुणाकाराने वाढतो, तर झोतात खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून थोडे पाणी फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी बेताच्या वेगाने फेकणे किफायतशीर ठरते. संथ जहाजासाठी मोठा उघडा पंखा हे काम अधिक चांगले करतो. झोताचा खरा फायदा वेगवान आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या नौकेला मिळतो.

नेमकी हीच गरज न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांना होती. मॅकेन्झी प्रदेशातील आपल्या मेंढपाळीच्या मळ्यावर यंत्रे घडवणाऱ्या या गृहस्थांना तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांतून प्रवाहाविरुद्ध वर जायचे होते. तेथे पंखा पहिल्याच दगडावर तुटला असता. १९५० च्या दशकात त्यांनी केलेल्या पहिल्या प्रयोगात झोत नौकेच्या तळाखाली, पाण्यात सोडला जात होता आणि त्याचा परिणाम निराशाजनक होता. कार्यशाळेतील एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून झोताचे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणले गेले. पाण्याखालच्या नळकांड्याचा अडथळा संपला आणि नौका खऱ्या अर्थाने धावू लागली. १९६० मध्ये त्यांच्या नौका कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी यांनी 'सागर ते आकाश' या मोहिमेत अशाच जेट नौकांमधून गंगासागराकडून हिमालयाकडे गंगा चढून जाण्याचे धाडस केले. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अखेर त्या नौकांना थांबवले.

एकट्या स्वाराच्या यंत्राची कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटरसायकलस्वाराची. १९६८ मध्ये बॉम्बार्डियर कंपनीने 'सी-डू' बाजारात आणली, पण दोन-तीन वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. १९७३ च्या सुमारास कावासाकीची उभ्याने चालवायची 'जेट स्की' आली आणि ते व्यापारी नावच पुढे साऱ्या प्रकाराचे नाव होऊन बसले.

जेट-स्कीच्या रचनेत एक चतुर काटकसर रूढ झाली. इंजिन थंड करण्यासाठी वेगळा पंप न लावता, नौकेला ढकलणाऱ्या पंपाच्या दाबाच्या बाजूनेच थोडे पाणी नळीवाटे इंजिनाकडे आणि एक्झॉस्टकडे वळवले गेले. एकाच पाण्याने दोन कामे केली. मात्र तेथेच धोक्याचीही सोय झाली. बंद पडलेली जेट-स्की दोरीने वेगात ओढली, तर पंपात रेटले जाणारे पाणी त्याच नळीतून एक्झॉस्टमध्ये जाते. ते बाहेर फेकण्यासाठी धुराचा दाब नसतो, म्हणून ते मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरते. यासाठी ओढून नेताना वेग अगदी कमी ठेवतात, किंवा ती नळी चिमटून बंद करतात. किनाऱ्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुतानाही आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडतात, आणि थांबवताना आधी पाणी बंद करतात, ते याच कारणाने.

सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी घातक का ठरते? हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. पाण्याचे आकारमान केवळ १ टक्क्याने घटवायला सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो. २०० घन सेंटीमीटरच्या सिलिंडरचे दाबगुणोत्तर ७ धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ घन सेंटीमीटर भरते. त्याहून अधिक पाणी आत असताना स्टार्टर दाबला, तर पिस्टन अडतो, आणि जोर जास्त असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जाणता कारागीर आधी स्पार्क प्लग काढतो, त्यांच्या तारा जमिनीला जोडतो, ठिणगी उडणार नाही याची खात्री करतो आणि मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढतो. त्यानंतर सिलिंडरमध्ये तेल फवारतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, तर ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलतो. हे सारे काही तासांत व्हावे लागते, कारण खारे पाणी बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फार लवकर गंज चढवते.

पंपाचा दोष निराळ्या रीतीने बोलतो. इंजिनाचे फेरे वाढतात, पण नौका पुढे सरकत नाही. गाळाने आणि खड्यांनी इम्पेलरच्या कडा बोथट झालेल्या असतात, किंवा इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांतील फट, जी मिलिमीटरच्या अंशाएवढीच असावी लागते, ती रुंदावलेली असते. दाबाचे पाणी त्या फटीतून मागे गळते. आत येणाऱ्या प्रवाहात हवा शिरली किंवा पात्यांवरील दाब फार घटून पाण्याचे बुडबुडे झाले, तरी रेटा हरवतो. रिंग बदलणे हे तुलनेने स्वस्त काम आहे, पण ते न ओळखता इंजिनच निकामी ठरवले जाण्याची शक्यता असते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे मोजक्या महिन्यांच्या हंगामावर पोट असणाऱ्या चालकाला अशी चूक वर्षभर महागात पडते.

रम्सीला अरुंद नळ्यांनी अडवले, हॅमिल्टन यांना झोताच्या चुकीच्या जागेने. आज अर्नाळाच्या पंपांसमोर आणि किनाऱ्यावरच्या जुन्या जेट-स्कीसमोर प्रश्न तोच आहे: पाणी कोठून आत येते, कोठून बाहेर जाते आणि वाटेत कोठे गळते. ज्याला ही वाट डोळ्यांसमोर आणता येते, त्याच्या हाती बंद पडलेले यंत्र सहसा भंगारात जात नाही.