जागा पाहणे : मुंबईच्या उपनगरांचा एक अलिखित इतिहास

मुंबईचा मराठी माणूस 'घर' शोधत नाही, तो 'जागा' पाहतो. 'जागा मिळाली का?', 'जागेचं काय झालं?', 'जागा लहान आहे, पण आपली आहे' ही वाक्ये कानावर पडली नाहीत असे मुंबईकर कुटुंब विरळाच. घर हा शब्द कोकणातल्या किंवा देशावरल्या मूळ वास्तूसाठी राखून ठेवलेला. इथे होती ती खोली, बिऱ्हाड, पुढे ब्लॉक, आणि त्याही पुढे फ्लॅट. या शब्दांच्या क्रमातच मराठी मध्यमवर्गाच्या शंभर वर्षांच्या स्थलांतराचा इतिहास दडलेला आहे. तो आपल्या साहित्यात विखुरलेला सापडतो, पण बहुधा एकाच सुरात सांगितलेला असतो: महागाईने रेटले, म्हणून आम्ही गिरगाव-दादर सोडून दूर फेकले गेलो. ही तक्रार खोटी नाही. मात्र तीत एक गोष्ट झाकली जाते. अमुक उपनगरात जायचे आणि तमुक उपनगरात नाही, ही निवड होती. आणि त्या निवडीचे काही निकष उघड होते, काही अनुच्चारित.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. 1896 साली मुंबईत प्लेग आला, लोक हजारोंनी शहर सोडून पळाले, आणि दाटीवाटीची, हवा-उजेड नसलेली वस्ती हा एकाएकी सरकारी चिंतेचा विषय झाला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहतींचे नकाशे केले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. आरोग्याच्या नावाने आखलेले हे नवे, हवेशीर शहर वसताना मात्र धर्माच्या आणि जातीच्या जुन्या रेषांवरूनच वसले.

त्याच सुमारास एक नवे साधन हाती आले: सहकार. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी 1915 साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाचा उगम तिच्यापासून सांगितला जातो. कल्पना खरोखर सुंदर होती. राहणारा भाडेकरूही आणि सभासद या नात्याने मालकही. घरमालकाची मनमानी नाही, एकट्याने कर्जात बुडणे नाही. बँक ज्याला दारात उभे करणार नाही अशा कारकुनाला स्वच्छ जागा मिळवून देणारी ही युक्ती होती, आणि ती यशस्वी झाली ती परस्परविश्वासामुळे. परंतु हा विश्वास आला कुठून? तो ज्ञातीतून आला. एकमेकांची कुळे, नोकऱ्या, लग्ने ठाऊक असलेल्या माणसांनीच एकमेकांचे जामीन व्हावे, हे त्या काळी स्वाभाविक होते. तालमकींना दोष देण्याचे कारण नाही. पण सहकार आणि ज्ञाती यांची गाठ इथे पडली, आणि ती पुढे सुटली नाही.

या पार्श्वभूमीवर एका कुटुंबाच्या जागाबदलाकडे पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत दीर्घकाळ राहिले. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि कुटुंबासह तिथे राहायला आले. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे; बांधण्यामागचे मोठे कारण ग्रंथसंग्रह. म्हणजे चाळही ट्रस्टची आणि कॉलनीही ट्रस्टच्याच योजनेतली; अंतर काही किलोमीटरांचे. पण हे अंतर किती होते ते समजायला 1917 सालचे बडोदे आठवावे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या या माणसाला तिथे कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. ज्याला शहरात भाड्याची खोली नाकारली गेली, त्याने पुढे हिंदू कॉलनीत भूखंड घेऊन घर बांधावे, ही घटना नुसती चरित्रातली नोंद म्हणून वाचता येत नाही. आपल्याकडे 'राजगृहा'विषयी पुष्कळ आदराने लिहिले जाते. शेजार निवडण्याच्या हक्काचा दस्तऐवज म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

बाकीच्या मध्यमवर्गाची निवड अधिक सोपी होती. पार्ल्याचे उदाहरण घ्या. लोकमान्यांच्या निधनानंतर 1921 साली तिथे पार्ले टिळक विद्यालय निघाले, 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. आधी वस्ती आणि मग संस्था असा सर्वसाधारण क्रम. पार्ल्यात या दोन्ही गोष्टी जवळजवळ हातात हात घालून आल्या, आणि पुढे संस्थाच वस्तीला ओढू लागल्या. 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्यावर चर्चगेटच्या कचेरीतला माणूस पार्ल्यात बिऱ्हाड करू शकत होता. शाळा चांगली, गाडी सोयीची, 'वस्ती आपली': जागा पाहून आलेला गृहस्थ घरी येऊन हे तीन मुद्दे सांगत असे. पहिले दोन तपशिलाने, तिसरा नुसत्या मान हलवण्याने.

इथे साहित्यातली एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. 1958 मध्ये 'बटाट्याची चाळ' प्रसिद्ध झाली आणि चाळ हे मराठी मनाचे हरवलेले गोकुळ झाले. पण पु. ल. देशपांडे यांचे बालपण गेले ते जोगेश्वरीच्या नव्याने वसलेल्या सरस्वती बागेत, आणि नंतर पार्ल्यात. चाळीच्या स्मरणरंजनाचे आद्य पुस्तक उपनगरात वाढलेल्या लेखकाने लिहिले. त्या पुस्तकाच्या शेवटचे चिंतन हसत हसत वाचणारा वाचकही एव्हाना ब्लॉकमध्ये राहायला गेलेला किंवा जाऊ पाहणारा होता. सामायिक नळ आणि सामायिक संडास यांच्यापासून सुटका झाल्याखेरीज गॅलरीतल्या गप्पांची आठवण गोड होत नसावी.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली. आधीपासून राहणारे तरले, परंतु भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे मालकांना परवडेनासे झाले. जुन्या जागेला पागडी आली, नव्या जागेला 'ओनरशिप'. 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आणि 1963 चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी या नव्या व्यवहाराला चौकट दिली. शहराची हद्द 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली होती, पण पगारदाराची ऐपत तीही ओलांडून गेली. बोरीबंदरहून 48 किलोमीटरांवरची डोंबिवली ही त्या ऐपतीची सीमा. आज तिच्यावर विनोद करणे सोपे आहे. मात्र ज्यांनी ती निवडली त्यांनी तिथे गणेश मंदिर, शाळा, ग्रंथालये, सहकारी बँक यांच्या आधाराने दुसरे गिरगावच रचले. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक तिथे राहिले. नवऱ्यांच्या कथेतला अल्पस्वल्प सुखदुःखांचा मध्यमवर्ग या गावाबाहेर काढून वाचता येईल, असे मला वाटत नाही.

या निवडीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र आपल्या कथांनी उशिरा विचारला. जागा पाहायला जाणारा पुरुष गाडीचे वेळापत्रक पाहून येई. नळाला पाणी किती वाजता येते, दळण कुठे मिळते, मूल कुणाकडे ठेवायचे, हे ज्या बाईला रोज सोडवायचे होते तिला व्यवहार ठरल्यावर जागा दाखवली जाई. ती स्वतः नोकरी करू लागली तेव्हा तिच्या दिवसाला प्रवासाचे तीन-चार तास जोडले गेले. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ महिलांसाठी लोकल सुरू झाली. डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे चित्र आपण कौतुकाने रंगवतो. त्यामागे दुसऱ्या कुणी तरी केलेली जागेची निवड असते.

आता त्या अनुच्चारित निकषाकडे परत येऊ. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला: सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी पोटनियमातली तरतूद वैध आहे, सहकारी संस्था ही राज्यसंस्था नव्हे, आणि एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यात आपले सोबती ठरवण्याचे स्वातंत्र्य येते. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांत मराठी कुटुंबांना मांसाहारी म्हणून, किंवा नुसते मराठी म्हणून, जागा नाकारल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यावर रास्त संताप झाला. त्या संतापात बहुधा एक वाक्य असते: 'आमच्याच शहरात आम्हाला?' पार्ले, दादर, डोंबिवली इथल्या कितीतरी इमारतींत दलित किंवा मुसलमान कुटुंबाला दलालाने 'ती जागा आता गेली' असे सांगितले, तेव्हा हे वाक्य म्हणण्याचीही सोय त्या कुटुंबाला नव्हती. त्यांचे 'जागा पाहणे' मराठी कथेत अद्याप फारसे आलेले नाही. दलित आत्मकथनांत ते सापडते, पण ती आपण वेगळ्या कप्प्यात ठेवून शिकवतो.