सात अक्षरांची शिडी: कष्टकऱ्यांच्या मुलांना गाणे वाचता कसे येऊ लागले?

१/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये गाणे सर्वांच्या ओठी होते. गाणे वाचता येणारे मात्र थोडे. पाच रेघांची स्वरलिपी शिकायची तर घरी वाद्य हवे, शिक्षक हवा, महागडी छापील पुस्तके हवीत आणि मुख्य म्हणजे रिकामा वेळ हवा. गिरणीत वा खाणीत राबणाऱ्यांच्या मुलांपाशी यांतले काहीच नव्हते. ही कोंडी कशी फुटली, त्याचा हा इतिहास.

२/ पहिले पाऊल उचलले सेरा ग्लोव्हर (१७८६–१८६७) यांनी. नॉर्विच शहरातील एका धर्मोपदेशकाच्या या कन्येने मुलांना शिकवताना रेघा बाजूला सारल्या आणि स्वरनामांची केवळ आद्याक्षरे वापरली. स्वरांची एक उभी शिडी रेखलेला तक्ता मुलांसमोर असे. त्यावरून स्वर ओळखून मुले गात. १८३५ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

३/ या पद्धतीचे मर्म मराठी वाचकाला चटकन उमगेल. गायक ‘काळी एक’मध्ये गावो वा ‘पांढरी पाच’मध्ये, त्याचा सा हा साच असतो. पट्टी बदलते, स्वरांमधली नाती बदलत नाहीत. ग्लोव्हर यांचा ‘डो’ असाच सरकता होता. एकदा नाती कानात बसली की मूल कोणत्याही पट्टीतील चाल त्याच सात अक्षरांनी वाचू शके.

४/ याउलट १८४१ मध्ये जॉन हला यांनी सरकारी पाठबळावर लंडनमध्ये गायनाचे विराट वर्ग सुरू केले. त्यांची पद्धत फ्रान्समधील विल्हेम यांच्याकडून घेतलेली होती आणि तिच्यात ‘डो’ एकाच ठरावीक सुराला जखडलेला होता. पहिली सोपी पट्टी संपून दुसरी आली की नावे तीच राहत, नाती मात्र पालटत. आरंभीचा उत्साह तिथेच ओसरे.

५/ त्याच १८४१ साली हल येथे रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना या शाळा वाचायला शिकवत. त्यांना गाणे शिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधावा, असे काम परिषदेने जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकावर सोपवले. कर्वेन संगीतज्ञ नव्हते. त्यांना स्वतःलाच स्वरलिपी नीट जमत नसे. अडणाऱ्याच्या अडचणी त्यांना ठाऊक होत्या, आणि तेच त्यांचे बळ ठरले.

६/ ग्लोव्हर यांचे पुस्तक हाती आल्यावर कर्वेन प्रथम स्वतः गाणे वाचायला शिकले. मग त्यांनी त्या पद्धतीत आपल्या मताने फेरफार केले आणि तिचा प्रसार आरंभला. हीच ‘टॉनिक सोल-फा’ पद्धत. मूळ श्रेय त्यांनी ग्लोव्हर यांना जाहीरपणे दिले. पण हे फेरफार ग्लोव्हर यांच्या मनास आले नाहीत. लोकप्रियतेच्या इतिहासात मूळ कर्तीचे नाव मागे पडते, ते असे.

७/ या पद्धतीचे खरे सामर्थ्य छापखान्यात होते. पाच रेघांचे संगीत छापायला खास खिळे वा कोरलेले पत्रे लागत. सोल-फाला नेहमीची अक्षरे, अपूर्णविराम आणि पूर्णविराम पुरत: अक्षर म्हणजे स्वर, विरामचिन्हे म्हणजे ताल. जिथे वर्तमानपत्र छापता येई, तिथे संगीतही छापता येई. त्यामुळे मोठमोठ्या समूहगायनाच्या रचना कष्टकऱ्याला परवडतील अशा किमतीत निघू लागल्या. पुढे कर्वेन यांनी स्वतःचाच छापखाना थाटला.

८/ फळ लवकरच दिसले. १८५७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे ३,००० मुलांचा वृंद या पद्धतीच्या बळावर गायला. त्या भव्य वास्तूत उच्चभ्रूंच्या संगीताचे सोहळे होत. तेथे आता साध्या घरांतील मुले उभी होती.

९/ मग शासनाचा पैसा आला. १८८२ च्या नियमांनुसार शाळेत केवळ ऐकून गाणे शिकवले तर दर मुलामागे ६ पेन्स अनुदान मिळे. स्वरलिपी वाचून शिकवले तर १ शिलिंग, म्हणजे दुप्पट. साहजिकच शिक्षकांनी लवकर साधणारी पद्धत जवळ केली. १८९१ पर्यंत ब्रिटनच्या प्राथमिक शाळांत सुमारे २५ लाख मुले सोल-फा शिकत होती.

१०/ वेल्समध्ये या पद्धतीने इतिहास घडवला. तरुणपणी लोहारकाम केलेले ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स, म्हणजेच ‘कॅराडॉग’, यांनी दक्षिण वेल्समधील खाणकामगार व लोखंड कारखान्यांतील कामगारांचा प्रचंड वृंद उभारला. १८७२ आणि १८७३ अशी सलग दोन वर्षे त्या वृंदाने क्रिस्टल पॅलेसचे पारितोषिक पटकावले.

११/ पण या कथेला दुसरी बाजूही आहे. कर्वेन यांच्या मूळ योजनेत सोल-फा ही पायरी होती. ती चढून मुलांनी पाच रेघांपर्यंत पोहोचायचे होते. १८७२ मध्ये त्यांनी आपल्या मुख्य अभ्यासक्रमातून रेघा वगळूनच टाकल्या. पायरीचाच मुक्काम झाला. वाद्यवृंदाचे संगीत रेघांवरच लिहिलेले राहिले. गरिबाचे मूल वृंदगानात शिरले, पण केवळ अक्षरांच्या बळावर वाद्यवृंदाचे संगीत त्याला वाचता येत नसे.

१२/ मिशनरी शाळांमार्फत ही अक्षरे आफ्रिकेत पोहोचली. जोहान्सबर्गजवळच्या एका मिशन शाळेतील शिक्षक एनॉक सोंटोंगा यांनी १८९७ मध्ये आपले प्रार्थनागीत सोल-फातच लिहिले. ‘न्कोसी सिकेलेली आफ्रिका’ हे ते गीत पुढे वर्णभेदविरोधी लढ्याचे गीत झाले आणि १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. ज्याला महागडे संगीतशिक्षण मिळाले नाही, त्याच्या हाती लेखणी आली की काय घडते, याचे याहून मोठे उदाहरण शोधणे कठीण.

१३/ अर्धवट राहिलेले काम हंगेरीत पुढे गेले. संगीतकार झोल्तान कोदाय यांनी इंग्लंडमधील शालेय वृंदगायन पाहिले आणि सरकता ‘डो’ व कर्वेन यांच्या हस्तमुद्रा स्वीकारल्या. मात्र त्यांनी शिडी मधेच सोडली नाही. मूल आधी गाई, नंतर अक्षरे वाची आणि त्यानंतर रेघा. १९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केच्केमेट येथे, रोजच्या शिक्षणात गायनाला मध्यवर्ती स्थान देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली.

१४/ ग्लोव्हर, कर्वेन आणि कोदाय यांना एका ओळीत ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. गरीब मुलांच्या वाट्याला संगीत आले नाही, त्याचे कारण गळा वा बुद्धी नव्हे. कारण होते छपाईचा खर्च, शिक्षकांची वानवा आणि रेघांचे अवघड वळण. ही तिन्ही माणसांनी निर्माण केलेली होती, म्हणून माणसांना ती दूरही करता आली.

१५/ आणि एक इशाराही. गरिबांसाठी सोपी वाट काढणे हे अर्धेच काम. ती वाट पुढे हमरस्त्याला मिळते की एका वेगळ्या वस्तीत संपते, यावर त्या उपक्रमाचे मोल ठरते. आजही कुणी वस्तीतील मुलांसाठी संगीताचा वर्ग काढला, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

धागा समाप्त.