तर्कू खरा की भास?

पेशीविभाजनाची आकृती आपण फळ्यावर सराईतपणे काढतो. मधे गुणसूत्रे, दोन टोकांना दोन ध्रुव आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. मधे फुगीर, टोकांना निमुळता असा हा आकार चातीसारखा, म्हणून त्याचे नाव तर्कू. पण या रेषा खरोखर असतात का, यावर सुमारे सत्तर वर्षे वाद होता, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ च्या ग्रंथात तर्कूतंतू दाखवले ते मुख्यत्वे रसायनांनी मारून रंगवलेल्या पेशींत. अंडे उकडले की पांढरा भाग गोठतो. तसेच रसायनाने प्रथिने साकळून हे तंतू तयार झाले नसतील कशावरून? शंका रास्तच होती, कारण जिवंत पेशीत पारदर्शक तर्कू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हता.

त्याचा उलगडा केला शिन्या इनोउए यांनी. एकाच दिशेने रचलेल्या रेणूंतून जाताना ध्रुवित प्रकाशाचा एक घटक दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो. तर्कूत हे अंतर अवघे काही नॅनोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाहूनही कमी! ते मोजायचे तर भिंगाच्या काचेतील ताणही आड येतो. युद्धानंतरच्या जपानमध्ये इनोउए यांनी टाकाऊ मशीनगनचा पाया आणि चहाचा डबा वापरून आपला पहिला ध्रुवण सूक्ष्मदर्शक उभा केला. पुढे अमेरिकेत उपकरण सुधारून १९५३ साली त्यांनी एका सागरी कृमीच्या अंड्यात आणि लिलीच्या परागमातृपेशीत जिवंत तंतू दाखवले.

खरी गंमत पुढे आहे. पेशी थंड केली की तर्कू विरघळे. ऊब दिली की काही मिनिटांत परत येई. उष्णतेने रचना मोडावी ही आपली अपेक्षा, इथे ती जुळत होती! कोल्चिसिनने (आपल्या कळलावीतही ते असते) तर्कू हळूहळू आखडे आणि गुणसूत्रांना ओढत नेई. म्हणजे पेशीत सुट्या घटकांचा साठा असतो, ते जुळतात व सुटतात, आणि सुटण्यातूनही ओढ निर्माण होते, असा तर्क इनोउए यांनी केला. हा घटक, ट्युब्युलिन, १९६७-६८ च्या सुमारास वेगळा काढता आला. त्याच्या सूक्ष्मनलिका वाढता वाढता अचानक कोसळतात, हे मिचिसन व किर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवले.

तर्कूतील बऱ्याच नलिका मिनिटभरही टिकत नाहीत. तरीही तर्कू आपली लांबी व आकार कसा राखतो, याची मोजमापे अजून चालू आहेत.