एलआयपी: फुफ्फुसाच्या एका दुर्मीळ रोगाची कुळकथा

लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनिया, म्हणजे एलआयपी, १९६६ साली कॅरिंग्टन आणि लिबो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी वेगळा ओळखला. वायुकोशांच्या भिंतींत लिम्फोसाइट पेशी साचतात, भिंती जाड होतात आणि दम लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते त्यांनी नोंदवले. कारण हाती नव्हते.

पुढे ज्याच्यावर संशय आला तो विषाणू मात्र आधीच सापडला होता. युगांडातल्या एका मुलाच्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा विमानाने लंडनला निघाला. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरले, आणि तोवर गाठीतल्या पेशी सुट्या होऊन द्रवात तरंगू लागल्या. तशाच वाढवलेल्या पेशींत एपस्टाइन, अचोंग व बार यांना १९६४ मध्ये एपस्टाइन-बार विषाणू दिसला.

त्याचा फुफ्फुसाशी संबंध जुळला तो एड्सच्या साथीत. एचआयव्हीबाधित मुलांत एलआयपी इतका आढळू लागला की १९८५ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांत तो एड्सची खूण ठरला. त्याच वर्षी अशा मुलांच्या फुफ्फुसांत या विषाणूचा डीएनए मिळाला. तरी सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. काही रुग्णांत तो सापडतच नाही.

१९७२ साली लिबो यांनीच वर्णिलेल्या लिम्फोमॅटॉइड ग्रॅन्युलोमॅटोसिस या फुफ्फुसाच्या दुसऱ्या रोगाची हकीकत अधिक बोलकी आहे. त्यात टी-पेशी या लिम्फोसाइटची दाटी एवढी, की रोग त्यांचाच समजला गेला. १९९० च्या दशकात एपस्टाइन-बार विषाणूचा आरएनए दाखवणाऱ्या तपासणीने खरे बाधित उघडे पाडले: त्या दाटीत विखुरलेल्या मोजक्या बी-पेशी.

मुलांतल्या एलआयपीशी जोडलेला एचआयव्ही भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. निर्मला आणि डॉ. सुनीती सॉलोमन यांनी शोधला. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभे राहिले, म्हणजे हा प्रश्न आपल्यापासूनही दूर नाही.

मूल महिनोन्महिने खोकते, एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर बारीक ठिपके दिसतात, आणि पहिली शंका टीबीची येते. ती यायलाच हवी. पण थुंकीत जंतू नाहीत, टीबीच्या गोळ्यांनी फरक नाही, बोटांची टोके फुगलेली आणि कानांखाली न दुखणारी सूज असेल, तर एलआयपी आठवावा आणि एचआयव्हीची तपासणी करावी. उपचार म्हणजे एआरटी, एचआयव्हीला रोखणारी औषधे, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी. ऑक्सिजन कमी पडू लागला, तर टीबी नसल्याची खात्री करून स्टेरॉइड देतात.