घाटांचा राजा

सायकल म्हटली की आमच्या तिसगावकडच्या माणसाला शर्यत आठवत नाही, ओझे आठवते. दुधाच्या किटल्या, टपालाची पिशवी, बाजारच्या दिवशी कॅरिअरला बांधलेले पोते आणि पुढच्या दांडीवर बसवलेले पोर, एवढे सारे त्या दोन चाकांनी निमूटपणे वाहिले. करंजी घाटाचा चढ लागला की भलेभले खाली उतरत आणि सायकल हाती धरून चालू लागत. तरुणपणी मीही तसाच चाललो आहे.

परंतु असले दहा घाट एका बैठकीत चढून जाणारी आणि त्यावरच पोट भरणारी माणसे युरोपात होऊन गेली. आपल्याकडेही शर्यती होतात. बोरघाटातून जाणारी मुंबई-पुणे शर्यत प्रसिद्धच आहे, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताने सायकलपटू पाठवले होते. पण ते सारे हौशी. सायकलीच्या कारखान्याचा पगार घेऊन वर्षभर शर्यती धावणारा धंदेवाईक त्या काळी आपल्याकडे नव्हता. तो धंदा काय होता, हे ज्याच्या चरित्रावरून चांगले कळते, त्या फाउस्तो कोप्पीची हकीकत यंदा वाचकांपुढे ठेवतो.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा. उत्तर इटलीतले कास्तेल्लानिया हे डोंगरातले लहानसे खेडे, घरी शेती. शेतीत मन रमेना म्हणून पोरगा नोव्ही लिगुरे गावी खाटकाच्या दुकानात नोकरीला राहिला आणि सायकलवरून गिऱ्हाइकांकडे माल पोचवू लागला. म्हणजे त्याचीही सुरुवात ओझ्यापासूनच झाली! त्या गावात बिआजो काव्हान्ना नावाचा एक आंधळा मालिशवाला होता. डोळ्यांनी न दिसणाऱ्या त्या माणसाने बोटांनी पोराचे स्नायू चाचपले आणि हा पुढे जाणार हे ओळखले.

आता या धंद्यातली एक गोम सांगितली पाहिजे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा शत्रू वारा. पुढच्याच्या पाठीशी आडोशाला राहिले की पुष्कळ श्रम वाचतात. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या पथकात एक नायक आणि बाकीचे त्याचे सेवक असत. त्यांनी वारा अंगावर घ्यायचा, पाणी आणून द्यायचे, नायकाचे चाक फुटले तर आपले काढून द्यायचे. या सेवकाला इटलीत ‘ग्रेगारियो’ म्हणतात. १९४० साली इटलीच्या मोठ्या शर्यतीत, ‘जीरो’त, कोप्पी आला तो असाच, जिनो बार्ताली या गाजलेल्या वीराचा सेवक म्हणून. बार्तालीला कुत्रे आडवे आले, तो पडून जायबंदी झाला, आणि विशीतल्या या पोराने शर्यत जिंकली. इतक्या लहान वयात ती आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही.

शर्यत संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १० जून १९४० रोजी, इटली महायुद्धात उतरली. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली धावपट्टीवर कोप्पीने एका तासात सुमारे ४५.८ किलोमीटर अंतर कापले. सपाटीच्या हिशेबाने नगरहून निघालेला माणूस तासाच्या आत तिसगाव ओलांडून जाईल, असा हा वेग! हा विक्रम १९५६ पर्यंत टिकला. पण विक्रमाने लढाई चुकली नाही. १९४३ मध्ये तो ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी झाला. उमेदीची वर्षे अशी गेली. ते युद्ध आमच्या जिल्ह्यालाही परके नव्हते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते याच नगर जिल्ह्यातले, निमज गावचे.

सुटून आल्यावर कोप्पीने जे केले त्याला तोड नाही. १९४६ च्या मिलान-सानरेमो शर्यतीत १४७ किलोमीटर एकटा पुढे राहून त्याने दुसऱ्याला चौदा मिनिटांनी मागे टाकले. १९४९ मध्ये आल्प्सचे पाच घाट ओलांडताना तो १९२ किलोमीटर एकटाच होता. पाच वेळा जीरो, दोनदा फ्रान्सची ‘तूर’, आणि १९४९ व १९५२ साली दोन्ही एकाच वर्षी! धावपट्टीवरच्या पाठलागाच्या शर्यतीतही तो १९४७ आणि १९४९ साली जगज्जेता झाला आणि १९५३ मध्ये रस्त्यावरही. तो उत्तेजक गोळ्या घेत असे, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी त्यांवर बंदी नव्हती आणि त्याने ते लपवलेही नाही.

मात्र छायाचित्रांत एकटा दिसणारा हा माणूस खरोखर एकटा नव्हता. १९५२ च्या तूरमध्ये त्याचा सेवक आंद्रेआ कार्रेआ नकळत सर्वांत पुढे गेला आणि पहिल्या क्रमांकाचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर चढला. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला हा गडी रडू लागला आणि त्याने धन्याची क्षमा मागितली! दुसऱ्या दिवशी कोप्पीने सदरा जिंकून घेतला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. धाकटा भाऊ सेर्से हाही पथकातच होता. १९५१ साली तुरीन शहरात ट्रामच्या रुळांवर पडून तो गेला. ते दुःख कोप्पीने जन्मभर वागवले.

शेवट मात्र घाटावर झाला नाही. डिसेंबर १९५९ मध्ये कोप्पी काही फ्रेंच सायकलपटूंसह आफ्रिकेत अप्पर व्होल्टा देशी शर्यतीला आणि शिकारीला गेला. परत आल्यावर त्याला ताप भरला. इटलीतल्या डॉक्टरांना वेगळाच रोग वाटला. आमच्या लहानपणी भिंतींवर डीडीटी फवारणारे घरोघर येत, आणि थंडी वाजून ताप आला की खेड्यातला कंपाउंडरही आधी कोयनेल आठवे. चावणाऱ्या डासातला हा रोग रॉसने आपल्याच सिकंदराबादेत १८९७ साली शोधला होता. कोप्पीच्या खोलीत राहिलेला राफाएल जेमिनियानी फ्रान्समध्ये त्याच तापाने पडला. तिथे रक्त तपासले, घातक हिवताप निघाला, कोयनेल मिळाले आणि तो वाचला. त्याच्या घरून इटलीला निरोप गेला होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही, असे पुढे सांगण्यात आले. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथे कोप्पी वारला. वय अवघे चाळीस.

आंधळ्याची बोटे, सेवकांच्या पाठी, भावाची सोबत, यांच्या आधाराने हा माणूस एकटा पुढे जाऊ शकला. ज्या एका वेळी दुसऱ्याची मदत त्याच्यापर्यंत पोचली नाही, त्या वेळी तो हरला. जेमिनियानी २०२४ साली निवर्तला. तेव्हा तो ९९ वर्षांचा होता.