साधा मावळा कां लढला?

पेणजवळचा सांकशीचा दुर्ग किंवा रोह्याचा अवचितगड पाहतांना राजांचीं व सरदारांचीं नांवें आठवतात. तट राखणारा शिपाई निनांवीच राहतो. शिवशाहीची राज्यक्रांति मात्र त्याच्याच बळावर झाली. तो कां लढला?

हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींत मावळे लढतात ते तानाजीच्या तेजानें. परंतु तानाजी पडतांच ते पळूं लागले व दोर कापल्याचें ऐकून परतले, ही १६७० सालच्या कोंढाण्याची प्रसिद्ध कथाच त्या उत्तराची मर्यादा दाखविते. कापलेला दोरही एका रात्रीपुरताच. १६८९ त संभाजीराजे मारले गेले, रायगड पडला. तरी लढा १७०७ पर्यंत चालला, तो कशाच्या जोरावर?

लूट व वतन यांचा लोभ होताच. पण १६७४ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं चिपळूणकडील लष्कराच्या अंमलदारांस लिहिलेलें पत्र पाहावें. कुणब्याचें धान्य, गवत, भाजी बळानें घ्याल तर लोकांस मोगलच बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. पुष्कळसे मावळे स्वतः कुणबीच होते. आपलें पीक आपल्या घरीं राहूं देणारें राज्य त्यांनीं एकदां पाहिलें होतें; नायक गेला तरी तें राखण्याजोगें होतें. कादंबरीकारांनीं हें त्या कुणब्याच्या अंगणांत जाऊन पाहावें.