अडतिसाव्या वर्षीं पहिली धांव

चाळिशी जवळ आली कीं माणसानें धांवपळ आटोपती घ्यावी, असा समज सर्वत्र आढळतो. आर्थर न्यूटन या इंग्रज शेतकऱ्यानें तो स्वतःपुरता तरी पार खोटा ठरविला. आणि नवल असें कीं, शरीर कमवावें हा त्याचा हेतूच नव्हता. तो धांवूं लागला तो सरकारशीं असलेल्या भांडणापायीं.

न्यूटनचा जन्म १८८३ सालीं इंग्लंडांत वेस्टन-सुपर-मेअर या गांवीं झाला. तरुणपणींच तो दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतांत गेला व पुढें हार्डिंग गांवाजवळ त्यानें शेती उभी केली. पहिल्या महायुद्धानंतर, आसपासचा मुलूख मूळ आफ्रिकन रहिवाशांच्या वस्तीसाठीं राखण्याचें धोरण सरकारनें धरलें. त्यामुळें आपली शेती मातीमोल झाली, अशी त्याची तक्रार होती. अर्जविनंत्या झाल्या, दाद लागेना. तेव्हां त्यानें एक विलक्षण हिशेब मांडला. प्रसिद्ध माणसाचें गाऱ्हाणें लोक ऐकतात. खेळाडूस प्रसिद्धि लवकर मिळते. आणि धांवण्यास भांडवल लागत नाहीं.

१ जानेवारी १९२२ रोजीं तो प्रथम बाहेर पडला. वय अडतीस. दोनच मैल धांवला, आणि त्यानें अंग असें आंबून गेलें कीं नेहमींच्या हालचालीहि जड झाल्या. त्याच्यापुढें होती ती चोपन्न मैलांची शर्यत, आणि हातांत पुरते पांच महिनेहि नव्हते!

ही शर्यत म्हणजे कॉम्रेड्स मॅरेथॉन. विक क्लॅपहॅम या युद्धावरून परतलेल्या आगगाडीच्या चालकानें आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ सालीं सुरू केली. पहिल्या वर्षीं अवघे ३४ जण धांवले. ती डरबन व पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांच्या दरम्यान, बहुधा एका वर्षीं चढणीची व दुसऱ्या वर्षीं उताराची अशी होते. पीटरमॅरिट्झबर्ग हें नांव मराठी वाचकास परकें नाहीं. त्याच्याच स्थानकावर ७ जून १८९३ च्या रात्रीं गांधीजींना गाडींतून उतरविण्यांत आलें होतें.

२४ मे १९२२ रोजीं न्यूटन डरबनहून निघाला आणि ८ तास ४० मिनिटांत, सर्वांच्या आधीं, वर पोंचला. चारच दिवसांपूर्वीं त्याला एकोणचाळिसावें वर्ष पूर्ण झालें होतें. पुढील तिन्ही वर्षीं तोच जिंकला. १९२५ सालीं त्याला ६ तास २४ मिनिटें लागली. १९२६ सालीं तो दुसरा आला, पण १९२७ सालीं पुन्हां पहिला.

हें साधलें कसें? त्या काळचे धावक शक्ति राखून ठेवण्याच्या विचारानें लांब पल्ल्याचा सराव बेताचाच करीत. चालणें बरेंच आणि मधून मधून वेगाची धांव. न्यूटननें उलट केलें. तो रोज धांवे, पण संथपणें. दम लागण्याआधींच वेग आवरता घेई आणि अंतर मात्र हळूहळू वाढवीत नेई. पावलें आंखूड टाकावीं, पाय जमिनीपासून फारसे उचलूं नयेत, हा त्याचा नेम. पुढें पुढें दिवसाला वीस मैल ही त्याची सहज मजल झाली. आपल्याकडील जुना पायवाटेचा प्रवासी याच चालीनें मजल मारीत असे, त्याला यांत नवें वाटलें नसतें. जातिवंत खेळाडूंना मात्र वाटलें. न्यूटन चिलीम ओढी, तेंहि त्यांच्या पचनीं पडण्यासारखें नव्हतें.

मूळ भांडणाचें काय झालें? कीर्ति मिळाली, नाताळांत न्याय मिळाला असें त्याला वाटलें नाहीं. १९२५ सालीं त्यानें तो प्रांत सोडला आणि तो ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, गेला. या तक्रारीला दुसरी बाजूहि आहे. ज्यांच्यासाठीं तो मुलूख राखला जात होता ते त्या भूमीचे मूळचे रहिवासी. आणि ज्या शर्यतीनें न्यूटनला नांव दिलें तिचें दार त्यांना बंद होतें. १९३५ सालीं रॉबर्ट मत्शाली या आफ्रिकन धावकानें तें सारें अंतर पार केलें, पण त्याची अधिकृत नोंद झाली नाहीं. कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना तेथें रीतसर प्रवेश मिळण्यास १९७५ साल उजाडावें लागलें. अन्यायानें पेटून धांवणाऱ्या न्यूटनकडे पाहतांना हें दृष्टीआड करूं नये.

भांडण मागें पडलें तरी धांवणें सुटलें नाहीं. १९२४ सालीं लंडन ते ब्रायटन हें अंतर त्यानें सहा तासांच्या आंत कापलें होतें. १९२८ सालीं लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या सुमारें ३४०० मैलांच्या शर्यतींत तो उतरला; ॲरिझोनांत पायानें दगा दिला, आणि मग तो बाकीच्या धावकांना सल्ला देत त्यांच्याबरोबर राहिला. १९३४ सालीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, बाथहून लंडनकडे येणाऱ्या रस्त्यावर शंभर मैल त्यानें १४ तास ६ मिनिटांत पुरे केले. ज्या वयांत गृहस्थ जिना चढतांना कठड्याचा आधार घेतो, त्या वयांत!

उत्तरायुष्यांत त्यानें ग्रंथ लिहिले. लंडनजवळ रायस्लिप येथील त्याच्या घराचें दार धावकांना सदैव उघडें असे. १९५९ सालीं तो वारला. कॉम्रेड्सच्या मार्गावर ड्रमंडनजीक रस्त्याच्या कडेला एक लहानशी कपार आहे. न्यूटन तेथें विसांवा घेई असें सांगतात. शर्यतीच्या दिवशीं पुष्कळ धावक तिच्यांत एखादें फूल ठेवतात, आर्थरला सुप्रभात म्हणतात आणि पुढें निघतात.